उलटलेला ताप : अमेरिकेतील १९३७ सालची मंदी

रेडिओवरून आपल्याशी बोलायचे आहे, तेव्हा रेडिओच्याच एका प्रसंगापासून सुरुवात करतो. १९३३ सालच्या मार्च महिन्याची १२ तारीख, रविवारची रात्र. त्या आठवड्यात अमेरिकेतील सगळ्या बँका कुलूपबंद होत्या. आठच दिवसांपूर्वी अध्यक्षपदाची शपथ घेतलेले फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओसमोर बसले आणि शेजारच्या माणसाशी बोलावे तसे देशाशी बोलले. बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत नुसता पडून नसतो, तो कोणाला ना कोणाला कर्जाऊ दिलेला असतो. म्हणून सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले तर धडधाकट बँकसुद्धा कोलमडते, हे त्यांनी समजावून सांगितले. तपासून उघडलेल्या बँकेत पैसा ठेवणे हे गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे, असा भरवसा दिला. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या. दारात रांगा लागल्या खऱ्या, पण त्या रांगांतले पुष्कळ लोक पैसे काढायला नव्हे, भरायला आले होते.

ही सुधारणेची पहिली खूण. पण आज मला सांगायची आहे ती त्यापुढची गोष्ट. आजारी माणसाचा ताप उतरतो, तो उठून बसतो, दोन घास खातो. घरातले म्हणतात, झाला बरा. औषध बंद होते, पथ्य सुटते, माणूस कामाला जातो आणि आठ दिवसांनी ताप उलटतो. खेड्यापाड्यांत हा अनुभव कोणाला नाही? अमेरिकेचा ताप १९३७ साली असाच उलटला. तो का उलटला, त्याआधी औषधावरून कोणते भांडण चालले होते, आणि आपण त्यातून काय घ्यायचे, एवढेच आज पाहू.

प्रथम दुखणे किती मोठे होते ते सांगतो. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत हजारो बँका बुडाल्या आणि कारखान्यांची धुराडी थंडावली. १९३३ च्या सुरुवातीला काम करू पाहणाऱ्या दर चार माणसांत एक जण बेकार होता. अशा बेकारांची संख्या सव्वा कोटीच्या घरात होती. घरात मिळवता माणूस एकच असे, त्यामुळे प्रत्यक्ष झळ किती जणांना लागली याचा हिशेब आपणच करावा.

शेतकऱ्याची दशा तर त्याहून वाईट. १९२९ साली पौंडाला सोळा-सतरा सेंट भाव असलेला कापूस दोन-तीन वर्षांत सहा सेंटांच्या आसपास आला. मक्याचा भाव इतका उतरला की काही ठिकाणी शेतकरी कोळशाऐवजी मकाच शेगडीत जाळू लागले. कर्जापायी शेते लिलावात निघाली, तेव्हा आयोवा आणि आसपासच्या राज्यांत शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली. लिलावाला सगळे गाव जमायचे. घोड्याला, नांगराला, गाईला शेजारीच दहा-वीस सेंटांची बोली लावायचे. बाहेरचा कोणी जास्त बोलू लागला तर आजूबाजूचे डोळे पाहून तो गप्प बसायचा. मग घेतलेली सगळी चीजवस्तू मूळ मालकाच्या हवाली करून लोक घरी जात. कायद्याला हे मंजूर नव्हते, पण शेजारधर्माला होते.

या मंदीची झळ आपल्याकडेही पोचली. शेतमालाचे भाव कोसळले, सारा आणि सावकाराचे व्याज मात्र होते तेवढेच राहिले. १९३१ च्या सप्टेंबरनंतर हिंदुस्थानातून परदेशी सोने जाऊ लागले. त्यात शेतकऱ्यांच्या घरांतून नाइलाजाने मोडलेले दागिने पुष्कळ होते. मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत चढलेल्या त्या सोन्यात आपल्या आज्या-पणज्यांच्या पाटल्या आणि वाक्या असतील. तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्यांची नाही.

आता उपाय. रूझवेल्ट हे काही खर्चाचा झेंडा घेऊन निवडून आले नव्हते. १९३२ च्या प्रचारात पिट्सबर्ग शहरी त्यांनी सरकारी उधळपट्टीवर कोरडे ओढले होते आणि अंदाजपत्रक तोंडमिळवणीचे करण्याचे वचन दिले होते. चार वर्षांनी त्याच शहरी पुन्हा भाषणाला जाताना, त्या वचनाचे काय सांगावे असे त्यांनी आपल्या सल्लागाराला विचारले. सल्लागार म्हणाला, आपण पिट्सबर्गला कधी आलोच नव्हतो असे सांगा! थट्टेची गोष्ट सोडून द्या, पण तिच्यात मर्म आहे. हा माणूस पढिक सिद्धांतामुळे खर्चाकडे वळला नाही. दारातली माणसे पाहून वळला.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रस्त्याची, बंडिंगची, पाझर तलावांची कामे निघाली आणि पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, हे आपण जाणता. तशीच कामे अमेरिकेत निघाली, फार मोठ्या प्रमाणावर. तरुण मुलांना जंगलखात्याच्या छावण्यांत घेतले. महिना ३० डॉलर पगार, त्यातले बहुधा २५ डॉलर परस्पर आईबापांना. नऊ वर्षांत जवळजवळ ३० लाख मुले या छावण्यांतून गेली आणि त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडे लावली. टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे बांधली. आपल्या दामोदर खोरे महामंडळाला १९४८ साली हाच नमुना पुढे होता. १९३५ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, जवळजवळ ४८८ कोटी डॉलर मदतकार्यासाठी मंजूर केले. त्यातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक कामांच्या खात्याने आठ वर्षांत सुमारे ८५ लाख माणसांना काम दिले. रस्ते, पूल, शाळा, दवाखाने झाले. शिवाय शिक्षक, चित्रकार, नट यांनाही त्यांच्या त्यांच्या धंद्याचे काम दिले गेले.

या कामांचा सूत्रधार होता हॅरी हॉपकिन्स, आयोवातल्या एका खोगीरकाम करणाऱ्याचा मुलगा. १९३३ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडे हिवाळ्यापुरती एक योजना सोपवली, तर दोन-अडीच महिन्यांत चाळीस लाखांवर माणसे कामावर होती. याउलट मोठ्या बांधकामांचे मंत्री हॅरल्ड इकीस एकेक नकाशा तपासत, एकेक करार वाचत. त्यांच्याकडे पैसा खाल्ला जाण्याची भीती कमी, पण काम सुरू व्हायलाच वर्ष जाई. घाई करावी तर गफलत होते, गफलत टाळावी तर भुकेला माणूस वाट पाहत राहतो. सरकारी कामाचा हा पेच कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत आजही पाहायला मिळेल.

साहजिकच वाद पेटला. तो समजून घेताना एका बाजूला शहाणे आणि दुसऱ्या बाजूला दुष्ट अशी वाटणी करू नये. विरोधकांचे म्हणणे असे : सरकार खर्च करते तो पैसा कोठून येतो? एक तर करातून, नाही तर कर्जातून. कर वाढले की धंदेवाला हात आखडतो. कर्ज वाढले की ते नातवंडांच्या डोक्यावर बसते. पानांचे ढीग इकडून तिकडे करण्याला काम म्हणावे काय? निरर्थक सरकारी कामाला ‘बूनडॉगल’ हा शब्द १९३५ साली वर्तमानपत्रांनी रूढ केला. मदतीच्या जोरावर मते मिळवली जातात, हाही आरोप होता, आणि काही ठिकाणी तो खरा होता. शेतीच्या बाबतीत तर सामान्य माणूसही चक्रावला. भाव चढावेत म्हणून १९३३ साली सरकारने सुमारे ६० लाख डुकरे मारायला लावली आणि एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले. लोक उपाशी असताना अन्नाचा नाश! शिवाय हे पैसे गेले बहुतेक जमीनमालकांना. दक्षिणेतल्या वाटेकरी कुळांना, त्यांत काळ्या कुळांना विशेष, कित्येकदा जमिनीवरूनच हुसकले गेले.

खर्चाच्या बाजूचे लोक म्हणत : जेव्हा घरोघर हात आखडलेला असतो तेव्हा एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, हे विसरू नका. सगळ्यांनीच काटकसर केली तर सगळ्यांचेच उत्पन्न घटते. अशा वेळी खर्च करू शकेल असे एकच घर उरते, ते सरकारचे. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३३ च्या डिसेंबरअखेर एका जाहीर पत्रातून रूझवेल्ट यांना कर्जाऊ पैशाने खर्च वाढवा असाच सल्ला दिला.

पण केन्स यांच्याही आधी हीच गोष्ट ओळखणारा माणूस अमेरिकेत होता, आणि तो पेढीवाला होता. मॅरिनर एकल्स हा यूटा राज्यातला बँकर. १९३१ साली त्याच्या बँकेच्या दारात गर्दी उसळली, तेव्हा त्याने कारकुनांना सांगितले, पैसे सगळ्यांना द्या, पण सावकाश द्या, लहान नोटांत द्या, प्रत्येक सही ताडून पाहा. बँक वाचली. पण एकल्सच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. बँक वाचवण्यासाठी आपण कर्जे वसूल करीत सुटलो, दुसऱ्या बँकाही तेच करीत आहेत. प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणा करतो आहे आणि सगळे मिळून गाव बुडवीत आहेत. काटकसरीच्या शिकवणीत वाढलेल्या या माणसाने आपले मत बदलले. १९३४ साली तो अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख झाला. त्याच्या समोर होते अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथॉ, रूझवेल्ट यांचे शेजारी आणि जिवलग मित्र, सफरचंदांच्या बागांचे मालक. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, नाही तर धंदेवाल्यांचा विश्वास बसणार नाही, हे त्यांचे ठाम मत. म्हणजे वाद नुसता पक्षापक्षांत नव्हता. तो मंत्र्यांच्या टेबलाभोवतीच होता.

लोकांनी आपला कौल १९३६ साली दिला. विरोधी उमेदवार आल्फ लँडन हे कॅन्ससचे गव्हर्नर, राज्याचा ताळेबंद जुळवणारे म्हणून नावाजलेले. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. आणि खुणाही चांगल्या दिसत होत्या. चार वर्षे उत्पादन झपाट्याने वाढत होते. १९३७ च्या वसंतात ते १९२९ च्या पातळीला पोचले. शेतमालाचे भाव सावरले होते. कारखान्यांकडे मागण्या येत होत्या. बेकारी शेकडा पंचवीसवरून चौदाच्या आसपास आली होती. सरकारी कामावरची माणसे ‘कामावर’ धरली तर ती आणखी कमी, शेकडा नऊच्या जवळपास भरते. शिक्षक मित्रांनी हे ध्यानात ठेवावे, की आकड्याच्या मागे व्याख्या असते आणि व्याख्या बदलली की वादाचा निकाल बदलतो.

इथेच चूक झाली. ताप उतरला म्हणून औषध बंद केले, आणि तेही सगळीकडून एकदम. १९३६ साली माजी सैनिकांना बोनसची मोठी रक्कम मिळाली होती. १९३७ साली तशी रक्कम नव्हती. सरकारी कामांवरची माणसे कमी केली. वृद्धांच्या पेन्शनसाठी जानेवारी १९३७ पासून पगारातून कर कापला जाऊ लागला. मासिक पेन्शन मात्र प्रत्यक्षात जानेवारी १९४० पासून मिळू लागली. तिकडे मध्यवर्ती बँकेने महागाईच्या भीतीने, बँकांनी राखून ठेवायची रक्कम १९३६ च्या ऑगस्टपासून १९३७ च्या मेपर्यंत तीन टप्प्यांत दुप्पट केली. या निर्णयात खुद्द एकल्सही सामील होता, हे सांगितले पाहिजे. बाहेरून येणाऱ्या सोन्यामुळे चलन वाढू नये, अशीही तजवीज अर्थखात्याने केली. प्रत्येक खात्याने आपापली एकेक नळी बंद केली. सगळ्या मिळून किती पाणी तुटेल याचा हिशेब कोणी केला नाही.

१९३७ च्या उन्हाळ्यात घसरण सुरू झाली आणि शरद ऋतूत ती कड्यावरून कोसळल्यासारखी झाली. वर्षभरात कारखान्यांचे उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घटले. बेकारी पुन्हा शेकडा एकोणीसच्या घरात गेली. नुकतेच कामावर लागलेले लाखो लोक परत रस्त्यावर आले. पहिल्या मंदीत माणसाजवळ निदान थोडी शिल्लक होती. या वेळी ती आधीच संपलेली. १० नोव्हेंबर १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या एका सभेत मॉर्गेंथॉ यांनी तोंडमिळवणीच्या अंदाजपत्रकाची घोषणा केली, तेव्हा श्रोत्यांतले काही व्यापारी हसले. ज्यांचा विश्वास मिळवण्यासाठी काटकसर करायची, तेच विश्वास ठेवीत नव्हते! विरोधकांनी या मंदीला रूझवेल्ट यांचेच नाव दिले. रूझवेल्ट यांनी मक्तेदार भांडवलदारांना दोष दिला आणि पाच-सहा महिने निर्णय लोंबकळत ठेवला.

अखेर १९३८ च्या एप्रिलात ते विसाव्यासाठी जॉर्जिया राज्यात गेले असता हॉपकिन्स तिथे जाऊन पोचला आणि त्याने त्यांचे मन वळवले. मॉर्गेंथॉ राजीनाम्याच्या गोष्टी बोलू लागले. पण १४ एप्रिल रोजी रूझवेल्ट यांनी काँग्रेसकडे तीनशे कोटींहून अधिक डॉलरची मागणी केली आणि त्याच रात्री पुन्हा रेडिओवरून लोकांना तिचे कारण सांगितले. मध्यवर्ती बँकेनेही आपली पकड थोडी सैल केली. जूनपासून सुधारणा सुरू झाली. राजकारणात मात्र किंमत मोजावी लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन पक्षाच्या जागा जवळजवळ दुप्पट झाल्या. आणि बेकारी पुरती हटली ती युद्धाच्या तयारीत देश पडला तेव्हाच.

मग औषध खर्चाचे होते, की दुसरे काही? विद्वानांचे यावर आजही एकमत नाही. १९५६ साली कॅरी ब्राउन या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडून दाखवले, की खर्चाचा उपाय फसला असे म्हणता येत नाही, कारण तो पुरेशा प्रमाणात केलाच गेला नाही. वॉशिंग्टनचे सरकार एका हाताने देत असताना राज्ये आणि नगरपालिका दुसऱ्या हाताने कर वाढवीत होत्या. १९६३ साली मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी मध्यवर्ती बँकेच्या चुकीवर मुख्य बोट ठेवले. पुढे १९९२ साली क्रिस्टिना रोमर यांनी, सुधारणेचे मोठे श्रेय युरोपातून आलेल्या सोन्याला आणि त्यामुळे वाढलेल्या चलनाला दिले. पण एका गोष्टीवर यांतले बहुतेक एकत्र येतात : १९३७ साली आवर घालण्याची घाई झाली.

याच रोमरबाई २००९ साली अध्यक्ष ओबामा यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाच्या प्रमुख होत्या. १७ फेब्रुवारी २००९ रोजी ७८,७०० कोटी डॉलरच्या खर्चाचा आणि करसवलतींचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात विरोधी पक्षाचे एकही मत त्याला मिळाले नाही. मंदी त्या जूनमध्ये संपली असे पुढे ठरले. पण बेकारी वाढतच गेली आणि ऑक्टोबरात शेकडा दहावर पोचली. एक पक्ष म्हणाला, पाहा, पैसा वाया गेला. दुसऱ्यातले काही म्हणाले, पैसा कमी पडला. रोमरबाईंनी त्याच वर्षी लेख लिहून १९३७ ची आठवण करून दिली. माणसे बदलली, आकडे वाढले, वाद तोच राहिला.

श्रोतेहो, सरकारने नेहमीच उधळावे असे मला सुचवायचे नाही. कर्ज हे कर्जच असते आणि निरुपयोगी कामाचा पैसा कोणाच्या तरी घामाचाच असतो. सुगीत शिल्लक टाकणे हे सरकारलाही चुकत नाही. पण सुगी आली की नाही हे ओळखावे कसे? माझ्या मते खुणा एका ओळीने येतात. आधी बाजाराचा जीव भांड्यात पडतो, मग कारखान्याचे चाक फिरते, मग भाव सावरतात, आणि सगळ्यांत शेवटी बेकाराच्या घरी चूल नीट पेटते. १९३७ साली राज्यकर्त्यांनी पहिल्या तीन खुणा पाहिल्या आणि चौथीची वाट पाहिली नाही.

आजारी माणूस बरा झाला की नाही, हे नाडी पाहून वैद्य सांगतोच. पण माणूस स्वतः विहिरीवरून पाण्याची घागर आणू लागला, की घरच्यांची खात्री पटते. देशाचा ताप उतरला असे कोणी सांगितले तर आपणही तेवढेच विचारावे : घागर कोण आणतो आहे? उत्तर मिळेपर्यंत औषध एकदम तोडू नये, आणि मिळाल्यावर ते उगाच चालूही ठेवू नये.